सांधेदुखी, सूज आणि फळं: कोणतं, किती आणि कसं खायचं?

नारायणपेठ_खिडकी (धागाकर्ती)

घरात दोन दुखणाईत आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांसाठी एकच उपाय फिरतोय: "रोज सकाळी अननसाचा रस, महिन्यात सूज गायब." जाणकारांनी नीट सांगावं.

पहिल्या सासूबाई. वय ६६, दोन्ही गुडघ्यांची झीज (एक्स-रेवर ग्रेड २), उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९. मेटफॉर्मिन (साखरेसाठी), टेल्मिसार्टन (बीपीसाठी) आणि अटोर्वास्टॅटिन (कोलेस्ट्रॉलसाठी) चालू आहे. दुसरे दीर. वय ४४, युरिक अ‍ॅसिड ८.१, पायाचा अंगठा सुजण्याचे अटॅक येतात (हाच गाउट), त्यावर फेबुक्सोस्टॅट ४० सुरू केलंय. एरवी तब्येत ठणठणीत.

प्रश्न असे. अननसात खरंच काही आहे का? चेरी गाउटवर चालते म्हणतात, ती पुण्यात कुठली घ्यायची? आंबट फळं सांध्यांना वाईट, हे खरं का? रस चालेल की फळच खायचं? आणि कुठलं फळ औषधाच्या आड येतं का?

---

पोषण_कर्वेनगर

आधी दोघांना वेगळं करा. "सांधेदुखी" या एका शब्दाखाली तुमच्या घरात दोन निराळे आजार आहेत, आणि एकाला जे फळ बरं ते दुसऱ्याला नडू शकतं.

दीरांपासून सुरुवात करते, कारण तिथे फळाची गोष्ट जास्त ठोस आहे. गाउटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, तीच ती सूज. चेरीबद्दल सगळ्यात जास्त सांगितला जातो तो बॉस्टन विद्यापीठाचा २०१२ चा अभ्यास. त्यात गाउटचे ६३३ रुग्ण होते. ज्या दोन दिवसांत चेरी खाल्ली, त्यानंतर अटॅकची शक्यता ३५ टक्क्यांनी कमी दिसली. चेरीबरोबर अ‍ॅलोप्युरिनॉलही (गाउटची गोळी) चालू असेल तर ७५ टक्क्यांनी कमी. एका वेळचं प्रमाण अर्धी वाटी, म्हणजे १० ते १२ चेरी. पण लक्षात घ्या, रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या खाण्यावरून काढलेला हा संबंध आहे. त्यातून "चेरी खा, गोळी सोडा" असा अर्थ निघत नाही. उलट गोळी आणि चेरी मिळूनच आकडा सगळ्यात चांगला आहे.

आता उलटी बाजू, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, यकृतात फार झपाट्याने वापरली जाते. त्या घाईत पेशीतलं एटीपी (पेशीचं इंधन) खर्च होतं, आणि त्याचा जो उरलेला चुरा असतो त्याचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं. पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत (बीएमजे, २००८) दिवसाला दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांमध्ये गाउटचा धोका ८५ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि फळांच्या रसाचाही संबंध त्याच दिशेने दिसला. म्हणून दीरांना अननसाचा रस नको, मोसंबीचा नको, आणि रसवंतीवरचा उसाचा तर अजिबातच नको. उसाच्या रसाच्या २५० मिलीच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर असते आणि त्यातली निम्मी फ्रुक्टोजच.

अख्खं फळ मात्र चालतं. एक पेरू किंवा एक मोसंबं चावून खाताना साखर हळूहळू जाते, चोथा आणि क जीवनसत्त्व बरोबर जातं. क जीवनसत्त्वाने युरिक अ‍ॅसिड थोडं उतरतं. रोज साधारण ५०० मिलिग्रॅम देऊन झालेल्या चाचण्यांची सरासरी घट ०.३५ आहे. दीरांच्या ८.१ चं त्याने ७.७५ होईल. उद्दिष्ट ६ च्या खाली आहे, तेव्हा उरलेलं काम फेबुक्सोस्टॅटचंच.

सासूबाईंचं निराळं. गुडघ्याच्या झिजेत सूज असते, पण ती धुमसत राहणारी असते, गाउटसारखी भडकणारी नव्हे. आणि त्यांच्या बाबतीत वजन हेच मोठं प्रकरण आहे. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने घटतो. शिवाय पोटावरची चरबी स्वतःच सूज वाढवणारे पदार्थ रक्तात सोडत असते. त्यामुळे त्यांच्यासाठी फळाचा खरा उपयोग कशाच्या जागी खाल्लं यावर ठरतो. चार वाजता चहाबरोबर फरसाण किंवा खारी जाते का? तिथे १०० ग्रॅम पपई किंवा एक मध्यम पेरू. जेवणानंतर वरून आणखी फळ दिलंत तर साखर आणि वजन दोन्ही वाढेल, आणि मग "फळांनी काही फरक पडला नाही" म्हणायला मोकळे.

प्रमाण: आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला १०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. सासूबाईंना १०० ते १५० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. तेवढंच पुरे.

---

फार्मसी_काउंटर

अननसाचं मी सांगतो, कारण या फळाच्या नावावर बरंच काही खपवलं जातं.

अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, यात शंका नाही. पण बाजारातल्या गोळ्यांसाठी ते फळातून काढत नाहीत, झाडाच्या खोडातून काढतात, कारण तिथे ते भरपूर असतं. फळात कमी, आणि त्यातल्या त्यात मधल्या कडक दांड्यात बऱ्यापैकी. म्हणजे आपण जो भाग कापून टाकतो तोच. शस्त्रक्रियेनंतर किंवा मुरगळल्यावर डॉक्टर जी ट्रिप्सिन-ब्रोमेलेन-रुटोसाइडची गोळी देतात, तिच्यात ब्रोमेलेन ९० मिलिग्रॅम, ट्रिप्सिन ४८ आणि रुटोसाइड १०० असतं. वर असं आवरण असतं की जठरातल्या आम्लात ती विरघळू नये. म्हणून ती जेवणाआधी, रिकाम्या पोटी घ्यायची आणि चावायची नाही. जेवणाबरोबर घेतली तर एन्झाइम वरणातली डाळ पचवण्यात खर्ची पडतं. अननसाच्या फोडीला असं कुठलंच आवरण नाही.

गुडघ्याच्या झिजेवर दिवसाला ८०० मिलिग्रॅम ब्रोमेलेन १२ आठवडे देऊन एक छोटी चाचणी झाली होती (२००६). नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. इतर काही चाचण्यांत बरे निकाल आहेत, पण ते सगळे गोळ्यांचे. पेलाभर रसाने गुडघा उतरेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आता औषधांच्या आड येणारी फळं. हे नीट वाचा.

पपनस. गणपतीच्या सुमारास मंडईत ढीग लागतो. ग्रेपफ्रूटच्या जातकुळीतलं हे फळ, आणि दोघांतही असे पदार्थ असतात की आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पडतं. मग औषध रक्तात नेहमीपेक्षा जास्त चढतं. सासूबाईंच्या अटोर्वास्टॅटिनसाठी ही खबरदारी आहेच. दीरांना अटॅकमध्ये कोल्चिसिन दिलं असेल, तर त्या काळात पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, कारण कोल्चिसिनचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतरच थोडं आहे. "सकाळी पपनस, रात्री गोळी" ही पळवाट चालत नाही. एन्झाइमवरचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. साधं मोसंबं आणि संत्रं यांना हा दोष नाही.

टेल्मिसार्टन पोटॅशियम अडवून धरतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर केळं खायला हरकत नाही. ते वाढलेलं असेल तर केळी, शहाळं आणि मोसंबीचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सासूबाईंचं क्रिएटिनिन तुम्ही लिहिलेलं नाही, शेवटचा रिपोर्ट काढून बघा. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी कमरख, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं ते स्टारफ्रूट, एक फोडसुद्धा खाऊ नये. त्यातल्या विषारी घटकाने उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, माणूस दगावूही शकतो.

रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा एसिट्रॉम, चालू असेल तर ब्रोमेलेनच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दोन फोडी अननसाने काही होत नाही.

---

डेक्कन_स्वयंपाक

ब्रोमेलेन आहे की गेलं, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अननसाचं रायतं करा. कच्च्या अननसाचे तुकडे दह्यात घालून अर्धा-पाऊण तास ठेवलं की रायतं कडू लागायला लागतं आणि दही पातळ होतं. एन्झाइम दह्यातली प्रथिनं तोडतं, त्या तुकड्यांचीच ती कडू चव. म्हणून सुगरण बाया रायत्यासाठी अननस थोड्या पाण्यात पाचेक मिनिटं शिजवून, गार करूनच दह्यात घालतात. तसं केलं की रायतं दुसऱ्या दिवशीही गोड राहतं. याचा दुसरा अर्थ असा की शिजवलेल्या अननसात एन्झाइम उरत नाही. अननसाचा शिरा, डब्यातल्या चकत्या, जॅम, टेट्रापॅकचा रस हे सगळं उकळून झालेलं असतं. खा हवं तर, पण सूज उतरवायच्या नावाखाली नको.

(जेली घट्ट न होण्याचंही कारण हेच. चायना ग्रास मात्र घट्ट होतं, कारण त्यात प्रथिनच नाही.)

कच्चा खायचा तर असा. डोकं आणि बूड कापा, उभा धरून साल काढा, डोळे तिरक्या खाचा मारून काढा. मधला दांडा टाकू नका. त्याच्या अगदी पातळ चकत्या करून चावा, नाही तर दातात अडकतात. एका माणसाला दोन गोल चकत्या, साधारण १०० ग्रॅम. जीभ चरचरते ती एन्झाइममुळे आणि आतल्या सूक्ष्म सुयांमुळे. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून १० मिनिटं फोडी बुडवून ठेवल्या की चरचर कमी होते. बीपीवाल्यांनी त्या नंतर साध्या पाण्यातून काढाव्यात. तोंड आलेलं असेल किंवा पित्ताचा त्रास असेल तर अननस टाळाच.

---

गुलटेकडी_पहाट

चेरीबद्दल. अभ्यासात जी आंबट चेरी येते ती ताजी आपल्याकडे मिळत नाही. पुण्यात येते ती काश्मीर आणि हिमाचलची गोड चेरी, साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. मार्केट यार्डात खोक्याने, मंडईत आणि उपनगरांत डब्यांतून. घेताना देठ बघा. हिरवा आणि ताठ असेल तर माल ताजा, तपकिरी सुकलेला असेल तर शीतगृहातून फिरून आलाय. रंग जितका काळपट लाल तितकं अँथोसायनिन (लाल-जांभळं रंगद्रव्य) जास्त, आणि आपल्याला हवंय ते तेच. डब्याच्या तळाशी रस सुटलेला दिसला तर घेऊ नका, दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

आणि बेकरीत केकवर, आइस्क्रीमवर बसते ती लालभडक "चेरी" ही बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असतं, बी काढून साखरेच्या पाकात मुरवलेलं आणि रंग घातलेलं. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, तसाच प्रकार. गाउटसाठी "चेरी" म्हणून कोणी ती बरणी आणली तर दीरांना फुकटचा साखरेचा पाक जाईल.

चेरीचा हंगाम दोन महिन्यांचा, बाकीचं वर्ष काय करायचं? गडद रंगाची फळं आपल्याकडे काय थोडी आहेत? पावसाच्या तोंडावर जांभूळ येतं, त्याच्या थोडं आधी रानातली करवंदं येतात. डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. डाळिंब जवळजवळ बारा महिने, सोलापूर-सांगोल्याकडून. भगवा घ्या. त्याचे दाणे गर्द लाल असतात. गणेशचे फिकट गुलाबी, खायला मऊ पण रंगद्रव्य कमी. गणेश वाण आपल्या गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्राचा, अभिमान जरूर बाळगा, पण या कामासाठी भगवाच. पेरूत सरदार घ्या. त्यालाच लखनौ-४९ म्हणतात. नावात लखनौ असलं तरी निवड गणेशखिंडीतलीच, १९२७ ची.

डाळिंब निवडताना गोल गरगरीत नको. कडा किंचित चपटलेल्या, साल घट्ट, आणि हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. पाव किलोच्या फळातून दाणे १४०-१५० ग्रॅम निघतात. एकाला अर्धं डाळिंब पुरतं.

---

पोषण_कर्वेनगर

डाळिंबाला जोडून: त्यातला सूज कमी करणाऱ्या पदार्थांचा मोठा वाटा दाण्यात नसून सालीत आणि आतल्या पिवळट पडद्यात असतो. म्हणून परदेशी अभ्यासांतला रस अख्खं फळ दाबून काढलेला असतो, घरी मिक्सरमध्ये काढतो तसा नव्हे. तेवढ्यासाठी साल चावायला जाऊ नका, तुरट-कडू लागते आणि पोट आवळून येतं. पडदा थोडा दाण्यांना चिकटून आला तर राहू द्या, इतकंच. शिवाय हे पदार्थ जसेच्या तसे रक्तात जात नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांचं युरोलिथिन करतात आणि ते जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. त्यामुळे एकाला गुण आला तर दुसऱ्याला येईलच असं नाही.

स्ट्रॉबेरीवर गुडघ्याच्या झिजेची एक चाचणी आहे, २०१७ ची. वजन जास्त असलेल्या १७ जणांना रोज ५० ग्रॅम सुकवलेली पावडर १२ आठवडे दिली आणि दुखणं कमी झाल्याचं दिसलं. ऐकायला छान, पण ५० ग्रॅम पावडर म्हणजे जवळजवळ अर्धा किलो ताजी स्ट्रॉबेरी. रोज! तेव्हा सहा-सात स्ट्रॉबेऱ्या खा, चांगल्या आहेत, पण त्या चाचणीचा निकाल त्यांच्याकडून मागू नका. आणि क्रीमखाली बुडवून तर नकोच.

---

नारायणपेठ_खिडकी

खूप उपयोगी, धन्यवाद. क्रिएटिनिन ०.९ आहे. आंबटाचं राहिलं. सासूबाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून लिंबू, चिंच, आवळा, दही सगळं बंद केलंय. आणखी एक, चेरी-जांभळं गोठवून वर्षभर ठेवता येतील का? आणि मिक्सरमधून स्मूदी केली तर तो रस धरायचा की फळ?

---

फार्मसी_काउंटर

आंबटाने सांधे दुखतात याला आधुनिक वैद्यकात आधार नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल पोटात गेल्यावर शरीर जाळून टाकतं, रक्ताची आम्लता जराही हलत नाही, आणि लघवी तर उलट अल्कलीकडे झुकते. गाउटवाल्याला ती चांगलीच, कारण अशा लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त विरघळतं. दीरांनी बिनसाखरेचं लिंबूपाणी खुशाल घ्यावं.

मग हा समज इतका चिवट का? एक शक्यता अशी की सांधेदुखीवाले डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक घेत असतात. या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात, त्यावर आंबट पडलं की जळजळ होते, आणि दोष आंबटाला लागतो. तसं असेल तर लिंबू बंद करण्याऐवजी ती गोळी किती दिवस चाललीय ते बघा. टेल्मिसार्टनबरोबर ही वेदनाशामकं रोज घेणं किडनीलाही भारी पडतं. आयुर्वेदात आंबटाचं पथ्य आहे, ते तिथल्या निदानाप्रमाणे. वैद्यांकडे उपचार चालू असतील तर त्यांना विचारून ठरवा. शेजारणीने सांगितलं म्हणून आवळा सोडणं मात्र तोट्याचं आहे.

---

डेक्कन_स्वयंपाक

गोठवता येतात, आणि रंगद्रव्य गोठवण्याने फारसं जात नाही. उकळण्याने, उन्हाने आणि दिवसेंदिवस कापून ठेवण्याने जातं.

चेरी धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा. बी काढा, स्ट्रॉ किंवा चॉपस्टिक देठाच्या बाजूने आरपार दाबली की बी खालून बाहेर येते. मग ताटात एकमेकींना न चिकटता पसरून तीन-चार तास फ्रीजरमध्ये, आणि दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरून हवा दाबून काढा. थेट पिशवीत भरल्या तर एकच गोळा होतो आणि मग दहा चेरी काढायला बत्ता लागतो. ओल्या गेल्या तर बर्फाचा थर चढतो आणि सोडल्यावर लगदा होतो. सहा महिने चांगल्या राहतात. जांभळाचा गर बी काढून बर्फाच्या ट्रेत भरा. एका खणात साधारण दोन चमचे मावतो, तीन-चार खण म्हणजे एका वेळचा पुरे. लोखंडी विळी-सुरी वापरू नका, गर काळा पडतो.

स्मूदी न गाळता केली तर चोथा राहतो, म्हणून रसापेक्षा बरी. पण चावणं गेलं की प्रमाण वाढतं. अर्धा पपई, केळं, मध, खजूर असं करत तीनशे ग्रॅम गोड पदार्थांचा ऐवज दोन मिनिटांत पोटात जातो. सासूबाईंना नको. करायचीच तर १०० ग्रॅम फळ, बिनसायीचं ताक, मध-साखर काही नाही. आणि एक धोक्याचं: चेरी बीसकट मिक्सरमध्ये कधीही फिरवू नका. अख्खी बी चुकून गिळली तर निघून जाते, पण फुटली की तिच्यातून सायनाइड तयार करणारा पदार्थ सुटतो. जांभळाच्या बीचं तसं नाही, ती नुसती तुरट असते.

कोकमाचं सरबत कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. बाटलीतल्या कोकम सिरपमध्ये निम्म्याहून जास्त साखर असते आणि आगळात मीठ, म्हणजे एक शुगरला वाईट आणि दुसरं बीपीला. चार-पाच आमसुलं धुऊन ग्लासभर पाण्यात तासभर भिजवा, कुस्करा, जिरेपूड घाला, संपलं.

---

तळजाई_पळापळ

सांध्यांखेरीज स्नायूंचं दुखणंही या धाग्यात बसतं, म्हणून लिहितो. डिसेंबरात पुण्यात मॅरेथॉनचे दिवस येतात आणि ग्रुपवर चेरी ज्यूसच्या बाटल्यांची चर्चा सुरू होते. लंडन मॅरेथॉनच्या २० धावकांवर झालेल्या अभ्यासात (२०१०) आंबट चेरीचा रस शर्यतीच्या पाच दिवस आधीपासून, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर ४८ तास दिला होता. रस घेणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद लवकर परत आली. मुद्दा वेळेचा आहे. लोक शर्यत संपल्यावर पाय धरले की बाटली उघडतात. तोवर उशीर झालेला असतो.

काँसन्ट्रेट घेत असाल तर ३० मिली, २०० मिली पाण्यात, दिवसातून दोनदा. एका डोसात २० ग्रॅमच्या आसपास साखर येते. धावणाऱ्याला ती चालते, मधुमेह्याला नाही. लेबलवर "चेरी फ्लेवर्ड" किंवा सफरचंदाचा रस पहिल्या क्रमांकावर दिसला तर पैसे वाया. सरावाच्या काळात मात्र रोज घेऊ नका. व्यायामानंतरची थोडी सूज हीच स्नायूला जुळवून घ्यायला शिकवते, ती दर वेळी दाबून कशाला टाकायची? शर्यतीच्या आठवड्यापुरतं ठेवा.

---

औंध_बाल्कनी

मधेच विचारते. चिकुनगुनियानंतर बोटांचे आणि घोट्यांचे सांधे धरले आहेत, तीन आठवडे झाले. त्यावर कुठलं फळ?

---

पोषण_कर्वेनगर

चिकुनगुनियाची सूज विषाणूने पेटवलेली असते आणि ती आठवडे, कधी महिने रेंगाळते. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात अशा रुग्णांची रीघ लागली होती. त्यावर खास असं फळ नाही. तोंडाला चव नसते, तेव्हा मोसंबं, पपई, डाळिंबाचे दाणे असं थोडं थोडं दिवसात तीनदा खा म्हणजे क जीवनसत्त्व आणि पाणी जातं. पण नुसत्या फळांवर राहू नका. अशक्तपणात स्नायू उतरतात आणि सांध्यांवर भार वाढतो. अंडं, डाळ, दही हवंच. पपईच्या पानांचा रस सांधेदुखीवर कुणी सांगेल, तो नको.

तीन महिने झाले आणि तरी सकाळी अर्ध्या तासाच्या वर बोटं आखडत असतील तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. अँटी-सीसीपी (संधिवाताची रक्ततपासणी) लागेल.

---

फार्मसी_काउंटर

आणि ताप असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्रावाचा धोका असतो. डेंग्यूच्या हंगामात काउंटरवर "अंगदुखीची कडक गोळी द्या" म्हणणारे रोज येतात.

दीरांसाठी राहिलेलं: फेबुक्सोस्टॅट सुरू केल्यावर पहिले काही महिने अटॅक वाढू शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळताना हलतात. त्या वेळी "गोळी बाधली, आता चेरीवरच राहतो" असं लोक करतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. गोळी थांबवायची नाही. डॉक्टर त्या काळापुरतं कोल्चिसिन जोडून देतात. पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन बरोबर थंडी-ताप आला तर ते गाउट समजून घरी बसू नका, सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल.

---

नारायणपेठ_खिडकी

समजलं. मी असं ठरवतेय: सासूबाईंना चार वाजता फरसाणाऐवजी अर्धं डाळिंब किंवा एक पेरू, आवळा-लिंबू परत सुरू, पपनस बंद. दीरांना रस बंद, हंगामात रोज १०-१२ चेरी, एरवी पेरू आणि लिंबूपाणी. फरक पडतोय की नाही हे कसं ओळखायचं? आणि आंब्याचं काय? मेमध्ये घरात पेटी येतेच.

---

पोषण_कर्वेनगर

सासूबाईंसाठी कॅलेंडरवर रोज रात्री दुखण्याला ० ते १० मधला आकडा लिहा. तोच प्रश्न, तीच वेळ: "आज जिना उतरताना किती दुखलं?" आठ आठवडे लिहा आणि आठवड्याची सरासरी बघा. एखाद्या दिवसाच्या आकड्याला भुलू नका. पावसाळी हवेत, लग्नकार्यात उभं राहून तो वर जातोच. दर सोमवारी वजन. सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) वारंवार करू नका, झिजेच्या दुखण्यात तो बहुधा नॉर्मलच येतो, पैसे जातात. दीरांचं युरिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील तेव्हा. अटॅक चालू असताना तपासू नका, त्या वेळी ते फसवं कमी येतं. पेरू सालीसकट खा, पण बिया दातांना सोसत नसतील तर मधला गर काढला तरी हरकत नाही, क जीवनसत्त्व सालीजवळच जास्त असतं.

आंबा: सासूबाईंना मध्यम हापूसचा एक गाल, जेवणातली एक पोळी कमी करून. दीरांना एक आंबा चालेल. आमरसाची वाटी दोघांनाही नको, एका वाटीत दोन-तीन आंबे सहज जातात आणि वर कोणी तरी साखर घालतंच.

---

गुलटेकडी_पहाट

पेटी घेतलीत तर आंबे एकदम पिकू देऊ नका, नाही तर "खराब होतील" म्हणून रोज चार संपवावे लागतात. कडक आणि मऊ वेगळे करा, कडक गवतात, मऊ फ्रीजमध्ये. आणि चेरीचा डबा घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका. कोरड्या, देठासकट फ्रीजमध्ये ठेवा आणि खायच्या वेळी तेवढ्याच धुवा. पाच-सहा दिवस टिकतात.